लेकींच्या वाटेने गेलेल्या जहागिरी

ब्रिटिश सरदार घराण्यांच्या छापील वंशावळींत बापाखाली थोरला मुलगा आणि त्याखाली त्याचा थोरला मुलगा अशी सरळ उभी ओळ दिसते. किताब त्या ओळीने जात असे, हे खरे. पण जमीन, वाडे, चित्रे, ग्रंथसंग्रह, रोकड आणि पार्लमेंटमधले वजन यांचा माग काढायचा असेल तर नजर आडवी फिरवावी लागते. कोणाची मुलगी कोणत्या घरी दिली, तिच्याबरोबर काय गेले, तिच्या पोटी कोण जन्मले, हे पाहावे लागते. कॅव्हेंडिश, स्पेन्सर, बेंटिंक, लूसन-गोर, हॅमिल्टन या घराण्यांचा सुमारे साडेचारशे वर्षांचा इतिहास अशा आडव्या धाग्यांनी विणलेला आहे. त्यांतले काही धागे थेट मुंबई-पुण्यापर्यंत आलेले आहेत.

या रचनेचा पाया कायद्यात होता. इंग्लंडमध्ये किताब आणि मुख्य जमीन थोरल्या मुलाला मिळे. धाकट्यांना सैन्य, चर्च, वकिली किंवा वसाहतींतली नोकरी शोधावी लागे. मराठी मुलखात वतनाच्या तक्षिमा पडत गेल्या आणि काही पिढ्यांत एकेका भावाच्या वाट्याला तुकडा उरला. इंग्लंडमध्ये जहागीर अखंड राहिली. सतराव्या शतकाच्या मध्याला ऑर्लंडो ब्रिजमन या कायदेपंडिताच्या हातून ‘स्ट्रिक्ट सेटलमेंट’ नावाचा दस्त आकाराला आला आणि ही अखंडता आणखी पक्की झाली. थोरल्या मुलाच्या लग्नाच्या वेळी बाप-लेक मिळून तो दस्त करीत. मुलगा हयातीपुरता उपभोक्ता ठरे आणि जमीन त्याच्या अजून न जन्मलेल्या थोरल्या मुलाच्या नावे बांधली जाई. सुनेचा हुंडा, तिचा दरसालचा हातखर्च, वैधव्य आल्यास तिला मिळायची नेमणूक, धाकट्या भावंडांच्या रकमा, हे सारे त्याच कागदावर ठरे. अठराव्या शतकात हजार पौंड हुंड्यामागे वर्षाला सुमारे शंभर पौंडांची नेमणूक, असे प्रमाण रूढ होते. लग्नाचा करार हाच जहागिरीचा मूळ कायदा असे आणि दर पिढीला तो नव्याने लिहिला जाई.

मुलगा नसला की चित्र बदले. किताब चुलत्याकडे किंवा चुलतभावाकडे जाई, नाहीतर बुडे. जमीन मात्र, विशेषतः आईकडून आलेली किंवा खरेदी केलेली, मुलीला मिळू शके. अठराव्या शतकाच्या बऱ्याच काळात लॉर्ड्स सभागृहातील वंशपरंपरागत सरदारांची संख्या दोनशेच्या आसपास होती. एवढ्याशा वर्तुळात वारसदार मुलगी म्हणजे सगळ्यांचे लक्ष लागलेली सोयरीक. आठव्या हेन्रीच्या १५४० च्या कायद्याने चुलत, मामे, आते, मावस भावंडांतले विवाह वैध ठरवले होते. तेव्हा एकदा आलेली जमीन पुन्हा आपल्याच गोतात फिरवणेही सोपे होते. मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न करण्याला मात्र १९०७ पर्यंत बंदी राहिली.

या जाळ्याची पहिली मोठी गाठ डर्बीशायरमधील एका साध्या जमीनदाराच्या मुलीने मारली. हार्डविकची बेस या नावाने ती ओळखली जाते. जन्म १५२७ च्या सुमारास, मृत्यू १६०८ मध्ये. तिची चार लग्ने झाली. पहिला नवरा रॉबर्ट बार्ली कोवळ्या वयात वारला आणि विधवेचा तिसरा हिस्सा मिळवण्यासाठी तिला कोर्टात भांडावे लागले. जमिनीचा कायदा काय असतो याचा पहिला धडा तिला तेथे मिळाला. दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश हा आठव्या हेन्रीने बरखास्त केलेल्या मठांच्या मालमत्तेचे काम पाहणारा अधिकारी. त्याने आपल्या वहीत लग्नाची वेळसुद्धा टिपून ठेवली आहे: २० ऑगस्ट १५४७, मध्यरात्रीनंतर दोन वाजता. १५४९ मध्ये या जोडप्याने चॅट्सवर्थची जमीन ६०० पौंडांना घेतली. त्यांच्या आठ मुलांपैकी सहा जगली. तिसरा नवरा सर विल्यम सेंट लो आपली मालमत्ता तिच्या नावे करून गेला.

चौथा नवरा श्रूझबरीचा सहावा अर्ल जॉर्ज टॅलबट, देशातल्या सर्वांत श्रीमंत सरदारांपैकी एक. हे लग्न ठरवताना बेसने त्यात आणखी दोन लग्ने गुंफली. १५६८ मध्ये शेफील्ड येथे तिचा थोरला मुलगा हेन्री याचा अर्लची मुलगी ग्रेस हिच्याशी आणि तिची मुलगी मेरी हिचा अर्लचा मुलगा गिल्बर्ट याच्याशी विवाह झाला. मेरी बारा वर्षांची होती, ग्रेस तिच्याहूनही लहान. मेरीचा सासरा हाच तिचा सावत्र बाप झाला आणि ग्रेसची सासू हीच तिची सावत्र आई. पैसा कोणत्याही बाजूने वाहिला तरी तो याच दोन घरांत राहणार होता. त्या मुलींना कोणी विचारले असेल असे मानायला काही आधार नाही. १५७४ मध्ये बेसने दुसरी एक मुलगी एलिझाबेथ हिला लेनॉक्सचा अर्ल चार्ल्स स्टुअर्ट याला दिले. त्याच्या अंगात राजरक्त असल्याने राणी एलिझाबेथ भयंकर संतापली. या जोडप्याची मुलगी आर्बेला स्टुअर्ट गादीच्या हक्कदारांत मोजली जाऊ लागली आणि तोच हक्क तिला भोवला. १६१५ मध्ये ती लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत वारली.

हेन्रीला औरस संतती झाली नाही. दुसरा मुलगा विल्यम १६१८ मध्ये डेव्हनशायरचा पहिला अर्ल झाला आणि १६९४ मध्ये या पातीला ड्यूकपद मिळाले. तिसरा मुलगा चार्ल्स याच्यापासून न्यूकॅसलची पाती निघाली. नॉटिंगहॅमशायरमधील वेलबेक अॅबी हे तिचे ठाणे. १६९१ मध्ये न्यूकॅसलचा दुसरा ड्यूक हेन्री वारला तेव्हा त्याच्या मागे मुलगा नव्हता. तेथून कॅव्हेंडिशांचे वेलबेक सलग तीन स्त्रियांच्या वाटेने गेले. हेन्रीची मुलगी मार्गारेट जॉन हॉलिसला दिलेली होती. हॉलिसला १६९४ मध्ये न्यूकॅसलचे ड्यूकपद नव्याने मिळाले. त्यांची एकुलती मुलगी हेन्रिएटा १७१३ मध्ये एडवर्ड हार्लीच्या घरी गेली. तिची जगलेली एकमेव मुलगी, तीही मार्गारेट, १७३४ मध्ये पोर्टलंडचा दुसरा ड्यूक विल्यम बेंटिंक याची पत्नी झाली. बेंटिंक हे मूळचे हॉलंडचे, तिसऱ्या विल्यम राजाबरोबर इंग्लंडला आलेले घराणे. आजीपासून नातीपर्यंत दर वेळी नाव बदलले: कॅव्हेंडिश, हॉलिस, हार्ली, बेंटिंक. जहागीर एकच राहिली.

हा प्रवास लंडनच्या रस्त्यांवर आजही वाचता येतो. जॉन हॉलिसने विकत घेतलेली मॅरिलबोनची जमीन हेन्रिएटाकडे आली. तिच्यावर वस्ती उभी राहिली तेव्हा चौकांना आणि रस्त्यांना घरातलीच नावे दिली गेली. कॅव्हेंडिश स्क्वेअर, हॉलिस स्ट्रीट, हार्ली स्ट्रीट, वेलबेक स्ट्रीट, पोर्टलंड प्लेस ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. हार्ली स्ट्रीट पुढे डॉक्टरांची म्हणून प्रसिद्ध झाली. एडवर्ड हार्ली आणि त्याच्या वडिलांनी जमवलेला हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह १७५३ मध्ये पार्लमेंटने १०,००० पौंडांना घेतला आणि तो ब्रिटिश म्युझियमच्या मूळ संग्रहांपैकी एक झाला.

१७६६ मध्ये पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूकने डेव्हनशायरच्या चौथ्या ड्यूकची मुलगी डोरोथी कॅव्हेंडिश हिच्याशी लग्न केले. बेसच्या दोन मुलांच्या पाती दीड-पावणेदोन शतकांनंतर पुन्हा एकत्र आल्या. वधूचा बाप पंतप्रधान होऊन गेलेला होता, वर पुढे दोनदा पंतप्रधान झाला. त्यांचा दुसरा मुलगा लॉर्ड विल्यम कॅव्हेंडिश-बेंटिंक. १८२८ ते १८३५ या काळात भारताचा कारभार पाहणारा आणि १८२९ च्या डिसेंबरात सतीबंदीचा कायदा करणारा बेंटिंक तो हाच. थोरला भाऊ ड्यूक होणार, म्हणून धाकट्याने भारतात यायचे, असा त्या व्यवस्थेचा हिशेब होता.

विल्यमचा धाकटा भाऊ लॉर्ड चार्ल्स याची गोष्ट मराठी वाचकाला अधिक जवळची आहे. १८१५ च्या सप्टेंबरात त्याच्याबरोबर सर विल्यम अॅब्डीची पत्नी अॅन घर सोडून निघून गेली. १८१६ मध्ये घटस्फोट झाला आणि दोघांनी लग्न केले. ही अॅन म्हणजे रिचर्ड वेलस्ली आणि फ्रेंच नटी हायसिंथ रोलां यांची मुलगी, आईबापांच्या विवाहाआधी जन्मलेली. वेलस्ली १७९८ ते १८०५ या काळात भारताचा गव्हर्नर-जनरल होता. दुसऱ्या बाजीरावाशी ३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेला वसईचा तह त्याच्या कारकिर्दीतला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्याचा सख्खा धाकटा भाऊ. अॅन आणि लॉर्ड चार्ल्स यांचा मुलगा पाद्री झाला. त्या पाद्र्याची मुलगी सिसिलिया, तिची मुलगी एलिझाबेथ बोज-लायन आणि तिची मुलगी राणी दुसरी एलिझाबेथ. म्हणजे मराठी राज्याच्या अस्ताचा पाया घालणारा गव्हर्नर-जनरल हा २०२२ पर्यंत ब्रिटनच्या गादीवर असलेल्या राणीच्या आईच्या आईच्या वडिलांच्या आईचा बाप होता. या साखळीतल्या तीन कड्या स्त्रियांच्या आहेत, आणि म्हणूनच राजघराण्याच्या उभ्या वंशावळीत वेलस्लीचे नाव कोठे दिसत नाही.

लंडनच्या जमिनीची दुसरी मोठी सोयरीक १६७७ ची. अलेक्झांडर डेव्हिस हा दस्तलेखक १६६५ मध्ये वारला. त्याची तान्ही मुलगी मेरी एबरी नावाच्या इलाख्याच्या मोठ्या भागाची वारस ठरली. चेशायरच्या सर टॉमस ग्रोव्हनरशी लग्न झाले तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिच्या पाचशे एकरांच्या आसपास असलेल्या दलदलीच्या कुरणांवर पुढे मेफेअर आणि बेलग्रेव्हिया वसले. ग्रोव्हनर घराणे १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकपदाला पोचले ते याच जमिनीच्या जोरावर. स्वतः मेरीच्या उत्तरायुष्यात तिची बुद्धी भ्रमली आणि तिच्या नावावरून अनेक खटले चालले. इंग्लंडमधील सर्वांत किमती जमीन सासरी आणणाऱ्या या बाईला त्या जमिनीचे सुख लाभले नाही.

स्पेन्सर घराण्याचा उगम मेंढपाळीत आहे. मिडलंड्समध्ये मेंढ्यांचे मोठे कळप राखून त्यांनी पैसा केला आणि १५०८ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधील ऑल्थॉर्प घेतले. त्यांचे भाग्य फिरले ते चर्चिल घराण्याशी सोयरीक झाल्यावर. मार्लबरोचा पहिला ड्यूक जॉन चर्चिल आणि सारा जेनिंग्ज यांचा मुलगा १७०३ मध्ये देवीने केंब्रिजला वारला. सेनापतीचा किताब बुडू नये म्हणून १७०६ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून तो मुलींकडे जाऊ दिला. अशी सवलत फार थोड्यांना मिळाली आहे. १७२२ मध्ये थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. तिचा मुलगा तिच्याआधी गेला, तेव्हा १७३३ मध्ये किताब तिची बहीण अॅन हिच्या मुलाकडे, चार्ल्स स्पेन्सरकडे, आला. त्याच्या धाकट्या भावाला, जॉनला, ऑल्थॉर्प मिळाले आणि १७४४ मध्ये आजी साराची अफाट खासगी संपत्तीही मिळाली. थोरल्या पातीने १८१७ मध्ये स्पेन्सर-चर्चिल हे जोडनाव घेतले. १८७४ मध्ये ब्लेनहाइमच्या वाड्यात जन्मलेला विन्स्टन चर्चिल या पातीतला. धाकट्या पातीत ऑल्थॉर्पचे अर्ल झाले आणि १९६१ मध्ये तिच्यात डायना स्पेन्सर जन्मली. चर्चिल हे आडनाव ज्या माणसामुळे जगाला ठाऊक झाले, तो पुरुषांच्या ओळीने पाहिल्यास स्पेन्सरच होता.

जॉन स्पेन्सरची नात जॉर्जियाना हिचे १७७४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, डेव्हनशायरच्या पाचव्या ड्यूकशी लग्न झाले. हा ड्यूक इंग्लंडमधल्या बड्या धनिकांपैकी एक होता, तोही आईमुळे. त्याची आई शार्लट बॉइल ही बर्लिंग्टनच्या अर्लची वारस. तिच्याकडून चिझिक हाउस, पिकॅडिलीतले बर्लिंग्टन हाउस, यॉर्कशायरची बोल्टन अॅबी आणि आयर्लंडमधला लिझमोरचा किल्ला कॅव्हेंडिशांना मिळाला होता. शार्लट १७५४ मध्ये तेविसाव्या वर्षीच वारली. जॉर्जियानाची धाकटी बहीण हेन्रिएटा १७८० मध्ये फ्रेडरिक पॉन्सनबीला दिली. तो ड्यूकचा सख्खा आतेभाऊ. दोन बहिणी अशा रीतीने दोन भावंडांच्या घरी पडल्या आणि व्हिग पक्षाची सूत्रे लंडनच्या डेव्हनशायर हाउसमधून हलू लागली.

या घराची खरी वंशावळ कोणत्याही तक्त्यात मावणारी नाही. ड्यूकची प्रेयसी लेडी एलिझाबेथ फॉस्टर ही डचेसची जिवलग मैत्रीण होती आणि तिघे एकाच छपराखाली राहत. ड्यूकपासून तिला झालेली मुलगी कॅरोलाइन सेंट ज्यूल्स पुढे जॉर्ज लॅम याला दिली. जॉर्जचा भाऊ विल्यम लॅम, भावी पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न, याची पत्नी हेन्रिएटाची मुलगी कॅरोलाइन पॉन्सनबी. जॉर्जियानाला चार्ल्स ग्रेपासून मुलगी झाली, एलायझा कोर्टनी. १७९२ मध्ये फ्रान्समध्ये तिला जन्म देऊन आईला मूल सोडून परतावे लागले. एलायझा ग्रेच्या आईवडिलांकडे वाढली. नवऱ्याला सोडावे तर औरस तीन मुलांचे तोंड पुन्हा दिसणार नाही, अशा पेचात जॉर्जियानाने तिन्ही मुलांची निवड केली. त्या काळच्या कायद्यात मुलांवर हक्क बापाचाच होता, एवढे लक्षात घेतले तरी या निर्णयाचे ओझे समजते.

पुढच्या पिढीत गुंता वाढला. जॉर्जियानाची धाकटी मुलगी हॅरिएट १८०९ मध्ये ग्रॅनव्हिल लूसन-गोर याच्याशी विवाहबद्ध झाली. हा ग्रॅनव्हिल कित्येक वर्षे तिच्या सख्ख्या मावशीचा, हेन्रिएटाचा, प्रियकर होता आणि त्या दोघांना दोन मुलेही होती. लग्नानंतर हॅरिएटने ती दोन्ही मुले आपल्या घरी आणली आणि स्वतःच्या मुलांबरोबर वाढवली. नात्याने ती तिची मावसभावंडे आणि सावत्र मुले, दोन्ही होती. तिच्या पत्रांतून दिसणारी हॅरिएट शहाणी, स्पष्टवक्ती आणि मनाने मोठी बाई आहे. या सगळ्या घोळात सर्वांत जास्त आदर तिच्याविषयीच वाटतो.

या नातेगोत्याचे राजकीय फळ १८३० मध्ये दिसले. पंतप्रधान चार्ल्स ग्रे, गृहखाते लॉर्ड मेलबर्नकडे, अर्थखाते जॉर्जियानाचा भाचा लॉर्ड ऑल्थॉर्प याच्याकडे. जॉर्जियानाचा थोरला जावई, कार्लाइलचा सहावा अर्ल, हाही मंत्रिमंडळात. मतदारसंघ सुधारणेचे विधेयक ज्या चौघांच्या समितीने लिहिले, तिच्यात हेन्रिएटाचा मुलगा डंकॅनन होता आणि ग्रेचा जावई डरहॅम होता. जमीनदारांच्या मुठीतले मतदारसंघ मोडणारा १८३२ चा कायदा अशा आप्तांनी केला, ज्यांच्या स्वतःच्या मुठीतही असे मतदारसंघ होते. आपल्या गोताच्या हिताविरुद्ध जाणारे काम या गोतानेच केले, याची नोंद इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

जॉर्जियानाचा मुलगा, सहावा ड्यूक, अविवाहित राहिला. १८५८ मध्ये तो वारला आणि किताब पाचव्या ड्यूकच्या भावाच्या नातवाकडे, विल्यमकडे, गेला. उभ्या तक्त्यात येथे जॉर्जियानाची शाखा तुटलेली दिसते. पण नव्या ड्यूकने १८२९ मध्ये ब्लांश हॉवर्डशी लग्न केले होते आणि ब्लांश ही जॉर्जियानाच्या थोरल्या मुलीची मुलगी. पतिपत्नी एकमेकांची चुलत नात्यातली. त्यामुळे त्यांच्या मुलांपासून पुढचे सगळे ड्यूक पुन्हा जॉर्जियानाचे वंशज झाले. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेला पैसा देणारा ड्यूक तो हाच विल्यम. ब्लांशची बहीण हॅरिएट हिने सदरलंडच्या दुसऱ्या ड्यूकशी लग्न केले होते. तो तिच्या वडिलांचा मामेभाऊ. हॅरिएटची एक मुलगी आर्गाइलच्या ड्यूककडे गेली, एक लेन्स्टरच्या, एक वेस्टमिन्स्टरच्या. आर्गाइल १८६८ ते १८७४ भारतमंत्री होता.

छापील वंशावळींनी यातले बरेचसे झाकून ठेवले. कुलचिन्हांची आणि वंशांची अधिकृत नोंद ठेवणारे कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ चे. १५३० ते १६८८ या काळात तेथील अधिकारी परगण्यांत फिरून घराण्यांचे दावे तपासत. जॉन बर्कचा सरदार घराण्यांचा कोश १८२६ मध्ये निघाला आणि घरोघरी पोचला. त्यात घराण्यांनी स्वतःविषयी कळवलेला मजकूर बराच असे. स्पेन्सरांसाठी सोळाव्या शतकाच्या अखेरीस मध्ययुगीन डिस्पेन्सर सरदारांपर्यंत पोचणारी वंशावळ रचली गेली होती, जे. होरेस राउंड या संशोधकाने १९०१ मध्ये मूळ कागद तपासून ती खोटी ठरवली. जॉर्ज एडवर्ड कोकेन याने १८८७ पासून काढलेला ‘कंप्लीट पिअरेज’ हा या क्षेत्रातला भरवशाचा ग्रंथ. वारसदार मुलीचे कुलचिन्ह तिच्या मुलांच्या ढालीवर चौकटीत बसे. बकिंगहॅमच्या ड्यूकच्या घराण्याने अशी ७१९ चिन्हे एका ढालीवर मांडली. त्या घराण्यावर कर्ज इतके चढले की १८४८ मध्ये स्टो येथील वाड्यातील सामान लिलावात गेले. त्याचा तिसरा ड्यूक पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे जाळे भारताच्या कारभारात किती पसरले होते, हे अॅबरकॉर्नच्या हॅमिल्टन घराण्यावरून कळते. पहिल्या ड्यूकच्या सातही मुली अर्ल किंवा त्याहून वरच्या किताबांच्या घरी गेल्या. त्यांतली मॉड लॅन्सडाउनच्या मार्क्वेसला दिली होती. तो १८८८ ते १८९४ व्हाइसरॉय होता. १८९२ मध्ये, त्याच्या कारकिर्दीतच, त्याची मुलगी एव्हलिन हिचे व्हिक्टर कॅव्हेंडिशशी लग्न झाले. तो नंतर डेव्हनशायरचा नववा ड्यूक झाला. मॉडचा भाऊ लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन १८९५ ते १९०३ भारतमंत्री होता. त्याच मंत्रिमंडळात मेहुणा लॅन्सडाउन युद्धमंत्री होता आणि व्हिक्टरचा काका, आठवा ड्यूक, हाही होता.

याच सुमारास, १८९५ ते १९००, मुंबईचा गव्हर्नर होता लॉर्ड सँडहर्स्ट. प्लेगची साथ, २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या, लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा पहिला खटला, हे सगळे त्याच्या कारकिर्दीतले. त्याची पत्नी लेडी व्हिक्टोरिया ही चौथ्या अर्ल स्पेन्सरची मुलगी, म्हणजे डायनाच्या पणजोबांची सख्खी बहीण. आणि लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या खुर्चीवर बसलेला लॉर्ड जॉर्ज हा डायनाच्या आजीच्या आजोबांचा भाऊ. सँडहर्स्ट लिबरल होता, हॅमिल्टन कॉन्झर्व्हेटिव्ह. पण पुण्याच्या प्लेगकाळाविषयीची कागदपत्रे ज्या दोन माणसांच्या मेजांवरून जात-येत होती, त्यांतल्या सँडहर्स्टच्या सासुरवाडीचे आणि हॅमिल्टनचे अशी दोन घरे १९१९ मध्ये सातवा अर्ल स्पेन्सर आणि सिंथिया हॅमिल्टन यांच्या लग्नाने एक झाली. मुंबईत सँडहर्स्ट रोड हे स्टेशनाचे नाव रोज हजारोंच्या तोंडी असते; त्या नावामागचे हे नाते फारसे कोणाला ठाऊक नसते.

१८७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागले, खंड घसरले आणि जमिनीवर उभा असलेला हा डोलारा डळमळला. मार्लबरोंनी १८८१ पासून ब्लेनहाइमचे मौल्यवान ग्रंथालय विकायला काढले. १८९४ मध्ये मृत्युकराचा नवा कायदा आला. घरच्या गोतात पैसा उरला नाही तेव्हा सोयरीक समुद्रापार गेली. १८९५ मध्ये मार्लबरोच्या नवव्या ड्यूकने न्यूयॉर्कच्या कॉन्स्वेलो व्हँडरबिल्टशी लग्न केले. हुंड्यात २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर होते. तिचे मन दुसरीकडे गुंतले होते आणि आईच्या हट्टापुढे तिचे चालले नाही. १९२१ मध्ये घटस्फोट झाला. हुंड्याच्या पैशातून ब्लेनहाइमची डागडुजी झाली.

विसाव्या शतकातही आडवे धागे तुटले नाहीत. डेव्हनशायरच्या नवव्या ड्यूकची मुलगी डोरोथी १९२० मध्ये प्रकाशक घराण्यातील हॅरॉल्ड मॅकमिलनची पत्नी झाली. तो १९५७ मध्ये पंतप्रधान झाला. तिचा भाचा, जहागिरीचा वारस विल्यम, याने १९४४ च्या मे महिन्यात कॅथलीन केनेडीशी लग्न केले आणि सप्टेंबरात तो बेल्जियममध्ये लढताना मारला गेला. चारच महिन्यांचा संसार. १९४८ मध्ये कॅथलीन विमान अपघातात गेली. चॅट्सवर्थजवळच्या एडेन्सरच्या दफनभूमीत तिची कबर आहे. १९६३ च्या जूनमध्ये तिचा भाऊ अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून त्या कबरीपाशी जाऊन आला. त्या वेळी ब्रिटनचा पंतप्रधान तिच्या नवऱ्याच्या आत्याचा पती होता. वारस गेल्याने किताब धाकट्या अँड्र्यूकडे आला. १९५० मध्ये त्याचे वडील वारले तेव्हा ८० टक्के दराने मृत्युकर बसला. तो फेडताना हजारो एकर जमीन आणि निवडक चित्रे गेली आणि बेसने उभारलेले हार्डविक हॉल १९५९ मध्ये राष्ट्राच्या स्वाधीन झाले.

१९८१ मध्ये डायना राजघराण्यात गेली तेव्हा तिच्याबरोबर एक जुने रक्तही तेथे पोचले. राजा दुसरा चार्ल्स याला औरस संतती नव्हती. त्याच्या अनौरस मुलापासून निघालेल्या ग्राफ्टनच्या ड्यूक घराण्याची एक मुलगी सीमोर घराण्यात गेली आणि सीमोरांची अॅडलेड चौथ्या अर्ल स्पेन्सरची पत्नी झाली. सँडहर्स्टची सासू ती हीच. या वाटेने डायना दुसऱ्या चार्ल्सची वंशज होती. तिचा मुलगा विल्यम गादीवर येईल तेव्हा दुसऱ्या चार्ल्सचा वंशज प्रथमच राजा होईल.

१९९२ मध्ये आठवा अर्ल स्पेन्सर वारला, तेव्हा ऑल्थॉर्प आणि किताब सारा, जेन आणि डायना या तीन थोरल्या बहिणींना ओलांडून त्यांच्या धाकट्या भावाकडे गेला. २०१३ च्या कायद्याने राजगादीच्या वारसाहक्कात मुलगा-मुलगी हा भेद काढून टाकला. सरदारी किताबांना तो कायदा लागू नाही. त्यांतले बहुतेक आजही पुरुष वारसाकडेच जातात.